24 एप्रिल 1973 ची रेघ

मुंबई उच्च न्यायालयासाठी शिफारस झालेल्या आरती साठे यांच्या नावावर 2025 सालच्या ऑगस्टात, बारामतीच्या पवार घराण्यातील कर्जत-जामखेडचे आमदार रोहित पवार यांनी जाहीर हरकत घेतली, तेव्हा ज्या बारामतीच्या कोर्टाच्या आवारात एरवी तारीख, वॉरंट आणि जामीन यांपलीकडे गोष्ट जात नाही, तिथे वकिलांच्या टेबलांवर दिवसभर न्यायाधीशाच्या विचारसरणीचा खल चालला होता. साठे यांनी 2023 साली भारतीय जनता पक्षाचे प्रवक्तेपद स्वीकारले होते आणि 2024 च्या जानेवारीत ते सोडले होते. पक्षाची बाजू मांडणाऱ्या व्यक्तीने न्यायासनावर बसू नये, असे एका गटाचे म्हणणे. आणि 1957 च्या केरळ मंत्रिमंडळात मंत्री असलेले कृष्ण अय्यर पुढे सर्वोच्च न्यायालयात बसलेच ना, असे दुसऱ्याचे उत्तर. हरकत घेण्याचा अधिकार मला पूर्णपणे मान्य आहे. परंतु माणूस कोणत्या पक्षात होता, एवढ्यावरच चौकशी थांबावी, हे मला पटत नाही. का पटत नाही, हे सांगण्यासाठी घरातला एक रुमाल सोडावा लागेल.

रुमाल म्हणजे तांबड्या मांजरपाटात बांधलेले दप्तर. इंदापूर तालुक्यात नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याखाली आमची जमीन होती. तिचे सातबाऱ्याचे उतारे, फेरफाराच्या नकला आणि सीलिंगच्या नोटिसा त्यात आहेत. कमाल जमीनधारणेचा कायदा 1961 चा, पण खरा घाव बसला तो 2 ऑक्टोबर 1975 पासून, जेव्हा बारमाही बागायताची मर्यादा 18 एकरांवर आणि जिरायताची 54 एकरांवर आली. आमची 11 एकर जमीन जादा ठरली. हा कायदा घटनाबाह्य आहे, असे म्हणत राज्यातले अनेक खातेदार दिल्लीपर्यंत गेले आणि 1980 साली वामनराव खटल्यात हरले. त्या निकालाची टंकलिखित नकल आजोबांनी मिळवली होती, आणि तिच्या समासात, निळ्या पेन्सिलीने, एका तारखेखाली जाड रेघ ओढून त्यांनी लिहिले आहे: ‘यांनी त्या वेळी विरोध केला होता.’

ती तारीख 24 एप्रिल 1973. त्या दिवशी केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध सहा अशा मतांनी ठरवले की संसदेला घटनेत दुरुस्ती करता येईल, पण घटनेचा मूलभूत ढाचा मोडता येणार नाही. अल्पमतातल्या सहांपैकी एक होते न्यायमूर्ती यशवंत विष्णू चंद्रचूड, आपल्याच जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातील कन्हेरसरच्या घराण्यातले. निकाल लागताच सरकारने शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर या तिघा ज्येष्ठांना डावलून अजितनाथ राय यांना सरन्यायाधीश केले, आणि केंद्रीय मंत्री मोहन कुमारमंगलम यांनी लोकसभेत त्याचे समर्थन करताना न्यायाधीशाचे सामाजिक तत्त्वज्ञान पाहूनच निवड करण्याचा अधिकार सरकारला आहे, असे उघडपणे सांगितले. विधिमंत्रिपदी तेव्हा हरी रामचंद्र गोखले होते, स्वतः मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश. याचा मला आजही खेद वाटतो.

त्या कसोटीने पाहिले तर चंद्रचूड सरकारला सोयीचेच होते. परंतु 1975 च्या नोव्हेंबरात इंदिरा गांधींच्या निवडणुकीच्या खटल्यात, ज्या सिद्धांताला त्यांनी दोन वर्षांपूर्वी नकार दिला होता, तो आता न्यायालयाचा निर्णय झाला आहे व म्हणून आपल्यावर बंधनकारक आहे, हे मान्य करून त्यांनी घटनादुरुस्तीचा काही भाग रद्द ठरवला. 1980 साली मिनर्व्हा मिल्स खटल्यात बहुमताचा निकाल त्यांनीच त्याच पायावर लिहिला. आणि वामनराव खटल्यात सीलिंग कायदा कायम करताना, घटनेच्या नवव्या परिशिष्टात कोणत्या दिवसापर्यंत घातलेले कायदे सुरक्षित मानायचे आणि कोणत्या दिवसानंतरचे तपासायचे, याची सीमा त्यांनी आखली ती 24 एप्रिल 1973 या दिवसावर, म्हणजे स्वतः ज्यात हरले त्या निकालाच्या तारखेवर. ज्या हाताने आमची 11 एकरे गेली, त्या हातावर आजोबांचा राग का नव्हता, हे मला त्या रेघेवरून कळले.

एवढे लिहून थांबलो तर ते लिखाण अप्रामाणिक होईल. 28 एप्रिल 1976 रोजी आणीबाणीतल्या जबलपूर खटल्यात नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांच्या बाजूने दिलेले निर्णय पाच जणांच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक मतांनी फिरवले, आणि त्या चारांत चंद्रचूडही होते. विरोधी मत एकट्या हंसराज खन्नांचे, ज्याची किंमत म्हणून 1977 च्या जानेवारीत त्यांना डावलले गेले. म्हणूनच 1978 साली चंद्रचूडांना सरन्यायाधीश करण्याची वेळ आली, तेव्हा मुंबईच्या अनेक नामांकित वकिलांनी त्याविरुद्ध जाहीर निवेदन काढले. जनता सरकारने ज्येष्ठता मोडली नाही, आणि ते योग्यच झाले असे मी मानतो. पण ते निवेदनही मला तितकेच योग्य वाटते, कारण त्यात चंद्रचूडांचा पक्ष विचारला नव्हता, त्यांचा निकाल विचारला होता. तो निकाल पुढे 2017 साली खासगीपणाच्या खटल्यात न्यायालयाने मोडीत काढला आणि तसे लिहिणाऱ्यांत त्यांचे पुत्र धनंजय चंद्रचूड होते.

अमेरिकेत नियोजित न्यायाधीशाला सिनेटच्या समितीपुढे पूर्वनिर्णयांविषयी दिवसदिवस प्रश्न विचारतात, आणि 1987 साली रॉबर्ट बोर्क यांचे नाव 58 विरुद्ध 42 मतांनी फेटाळले गेले. तो तमाशा आपल्याकडे यावा असे मी म्हणत नाही. परंतु वकिलीतून थेट न्यायासनावर जाणाऱ्या व्यक्तीचे निकाल नसतात. असतात ती तिने चालवलेली प्रकरणे आणि तिने केलेले लेखी युक्तिवाद. आपल्या पक्षकाराला अडचणीचा पूर्वनिर्णय तिने न्यायालयापुढे ठेवला की दडवला, हे ज्यांच्यापुढे ती वर्षानुवर्षे उभी राहिली त्या न्यायाधीशांना माहीत असते, आणि तेवढे जनतेला सांगायला काय हरकत आहे?

2017 च्या ऑक्टोबरापासून न्यायाधीशांच्या नावांची शिफारस करणारा न्यायवृंद आपले ठराव कारणांसह प्रसिद्ध करू लागला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. 28 जुलै 2025 च्या बैठकीचे पत्रक मी छापून आणून आजोबांच्या रुमालात ठेवले आहे. त्यात साठे यांच्यासह तीन वकिलांची नावे आहेत. भोवती समास भरपूर मोकळा आहे, पण जिच्याखाली रेघ ओढावी अशी एक ओळ त्यात नाही.