मनोरुग्णाचे शरीरही तपासा

१९५२ साली पॅरिसच्या सेंत-आन रुग्णालयात क्लोरप्रोमाझीन हे औषध मनोरुग्णांवर वापरले गेले आणि मानसोपचाराचे स्वरूपच पालटले. असंख्य रुग्ण त्यामुळे घरी परतू शकले, हे ऋण नाकारता येणार नाही. मात्र मेंदूतील डोपामिनचे कार्य रोखणाऱ्या या वर्गातील औषधांनी हालचालींचे विकारही आणले. हात थरथरतात, अंग ताठरते, एका जागी बसवत नाही. दीर्घकाळ औषध घेतलेल्या काहींचे ओठ, जीभ व जबडा आपोआप हलत राहतात. या विकारास ‘टार्डिव्ह डिस्किनेशिया’ म्हणतात. औषध थांबविल्यावरही तो कधीकधी कायम राहतो.

या लक्षणांचा अर्थ चुकीचा लावला, की अनर्थ वाढतो. औषधामुळेच येरझारा घालणाऱ्या रुग्णाचा आजार बळावला असे समजून मात्रा वाढविली जाते आणि त्याची तगमग दुणावते. घरचे लोक तर तोंडाच्या हालचालींना वेडाचे चाळेच मानतात.

त्यात जीवनसत्त्वांच्या उणिवेची भर पडते. ब-१२ हे जीवनसत्त्व निसर्गतः प्राणिज अन्नातूनच मिळते. शाकाहारी घरांत, विशेषतः दूधदुभते बेताचे असेल तेथे, ते कमी पडते. मग पाय बधिर होतात, चाल डळमळते, स्मृती मंदावते, क्वचित भ्रमही होतात. रोग, औषध आणि उणीव यांची लक्षणे अशी एकमेकांत मिसळतात. साध्या रक्ततपासणीने हा गुंता बराचसा सुटू शकतो.

याचा अर्थ जीवनसत्त्वे हा रामबाण उपाय आहे, असा नव्हे. ई जीवनसत्त्वाने टार्डिव्ह डिस्किनेशिया बरा होतो, असे चाचण्यांत सिद्ध झालेले नाही; फार तर त्याची वाढ रोखली जात असावी. ब-६चे छोटे प्रयोग आशादायक आहेत, परंतु मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास तेच मज्जातंतूंना इजा करते. भीतीपोटी गोळ्या एकाएकी बंद करणे, हे तर मूळ आजाराला आमंत्रणच होय.

उपचारांचे ज्ञात दुष्परिणाम समजेल अशा भाषेत जाणून घेण्याचा हक्क २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णास दिला आहे. हालचाली तपासून त्यांची नोंद करण्याची, काही मिनिटांत होणारी पद्धत १९७६पासून उपलब्ध आहे. तिला ना यंत्र लागते, ना खर्च. येरवडा, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथील मनोरुग्णालयांपासून तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत ती नेमाने वापरली गेली पाहिजे. रुग्णाला जीभ दाखवायला सांगणे, चार पावले चालायला लावणे, एवढ्यालाही सवड नसेल, तर कायद्याने दिलेल्या हक्काला काही अर्थ उरणार नाही.