तासाचा दर आणि हवेची बंदूक

आपल्या आयटीवाल्यांचं एक लाडकं गणित आहे. "माझ्या एका तासाचे इतके डॉलर होतात. मग शंभर डॉलरच्या आतल्या वस्तूवर दोन तास कशाला घालवू? फेक आणि नवीन घे!" मिक्सर, टोस्टर, हेडफोन... सगळ्यांना हेच गणित. परवा लंचला ते एका मित्राच्या मुलाच्या हवेच्या बंदुकीला लावलं गेलं. दहा पंप मारूनही छर्रा टार्गेटपर्यंत धड पोचत नाही. टेबलावर पाच इंजिनियर. निदान कुणीच केलं नाही, निकाल मात्र एकमताने लागला: नवीन घे.

तर मंडळी, आज या गणिताचा समाचार.

आधी वस्तू समजून घेऊ. आपल्याकडे जत्रेत फुगे फोडायची बंदूक असते ती वेगळी. ती मधे मोडून स्प्रिंग ताणायची. इथे अमेरिकेत गॅरेजमध्ये सापडते ती बरेचदा पंपाची. क्रॉसमनची ७६० हे तिचं प्रसिद्ध उदाहरण, १९६६ साली बाजारात आली. नळीखालचा दांडा उघडायचा-मिटायचा, तीन ते दहा वेळा. प्रत्येक वेळी पिस्टन हवा दाबतो आणि ती एका झडपेतून छोट्या कप्प्यात जाते. झडप एकाच दिशेने उघडते, म्हणून हवा परत येत नाही. घोडा ओढला की आतला हातोडा दुसऱ्या झडपेवर आपटतो, कोंडलेली हवा छर्र्यामागे सुटते. बास. एवढंच यंत्र.

ओळखीचं वाटतंय ना? वाटायलाच हवं. आजीच्या पंपाच्या स्टोव्हमध्ये हेच होतं: पिस्टनला चामड्याचा वायसर, तळाशी एकाच दिशेने उघडणारी झडप. पंप ढिला पडला की आजी स्टोव्ह फेकत नव्हती. वायसर काढायची, कडा बोटाने फाकवायची, तेलाचा थेंब सोडायची आणि चहा टाकायची. तिने तासाचा दर काढला नव्हता, पण बिघाड कुठे आहे हे तिला माहीत होतं. आपण रोज प्रॉडक्शनमधले बग शोधतो आणि इथे हात वर करतो!

आणि ही बंदूक तर स्वतःच लॉग लिहून देते. फक्त वाचायचा.

पंप मारताना दांड्याला जोरच लागत नाही? हवा दाबलीच जात नाहीये. पिस्टनचा कप सुकलाय किंवा झिजलाय. आधी तेलाचा थेंब, आणि तेलही सूचनापत्रात सांगितलेलंच. घरात दिसला तो स्प्रे मारू नका, काही द्रावणं सील खातात.

दांडा मिटल्यावर आपोआप उघडायला बघतो? कप ठीक आहे, पण हवा कप्प्यातून परत येतेय. आत घेणारी झडप गळते.

पंप नीट बसतो, पण नळीतून बारीक फुस्स ऐकू येतं? बाहेर सोडणारी झडप. पण थांबा, लगेच उघडू नका. काही मॉडेलमध्ये घोडा चढवल्याशिवाय हातोडा त्या झडपेवर टेकून असतो आणि हवा ठरतच नाही. आधी घोडा चढवा, मग पंप मारा. कितीतरी 'बिघडलेल्या' बंदुका इथेच दुरुस्त होतात, म्हणजे बिघडलेल्या नसतातच.

बार जोरात वाजतो पण छर्रा मलूल? हवा भरली, सुटलीही, वाटेत निसटली. छर्रा बसतो तिथली ओ-रिंग बघा.

चार लक्षणं, चार जागा. यात रॉकेट सायन्स कुठे आहे?

आता गणिताकडे. पहिली गोष्ट, शनिवारी दुपारी तुम्हाला तासाचे पैसे देतंय कोण? तो वेळ तुम्ही विकणार नव्हताच, सोफ्यावर लोळत रील्स बघणार होतात. दुसरी, 'दोन तास' हा आकडा आला कुठून? बंदूक हातात न घेता दिलेला एस्टिमेट! ऑफिसात असा एस्टिमेट कुणी दिला तर आपण त्याला सोलून काढू. तेल आणि घोड्याची परीक्षा दहा मिनिटांत होते. तिसरी, नवीन बंदुकीतही तोच कप आहे. तोही सुकणार. मग पुन्हा नवीन?

"पण दाबाची वस्तू आहे, उगाच हात कशाला लावायचा?" हा आक्षेप मात्र खरा आहे, आणि म्हणूनच माहिती हवी. छर्रा नाही हे डोळ्यांनी बघा, नळी सुरक्षित दिशेला, डोळ्यांवर चष्मा, कान किंवा बोट नळीपाशी न्यायचं नाही. घोडा ओढूनही बार झाला नाही तर आत हवा असू शकते, बंदूक भरलेलीच समजा. हवा कोंडलेली असताना एकही स्क्रू फिरवायचा नाही. जोर वाढवायला ठरलेल्यापेक्षा जास्त पंप नाहीत, आणि घोड्याच्या यंत्रणेत कारागिरी अजिबात नाही. बघा, हे सगळं न बिघडलेल्या बंदुकीलाही लागू आहे. ज्याला आत काय चाललंय हे माहीत नाही, त्याच्या हातात नवी बंदूक जास्त सुरक्षित कशी?

सगळंच दुरुस्त होतं असं माझं म्हणणं नाही. प्लास्टिकची चौकट तडकली किंवा सुटा भाग मिळतच नसेल तर द्या टाकून, दुःख नाही. पण ते निदानानंतर. निदानाआधी फेकणं ही काटकसर नाही आणि हुशारीही नाही. तो नुसता आळस आहे, एक्सेलमध्ये घातलेला.

मला खरी काळजी त्या अकरा वर्षांच्या पोराची आहे. नवीन बंदूक मिळाली तर तो एवढंच शिकेल की वस्तू बिघडली की बाबा कार्ड काढतात. जुनी उघडून दाखवली तर हवा कुठून येते, कुठे थांबते आणि कुठे निसटते हे त्याला कळेल. आणि वाईट परिणाम दिसला की कारण एकेक पायरी मागे जाऊन शोधायचं असतं, हेही. आपण पगार याच कामाचा घेतो ना? मग घरी ते फुकट शिकवायला एवढं जिवावर का येतं?

असो. तेलाची बाटली पोराच्या हातात द्या. थेंब त्यालाच सोडू दे.