चाचणीचा खर्च कोणी केला?

हडपसरहून मांजरीकडे निघाले, की एके काळी कालव्याच्या पाण्यावरचा ऊस आणि भाजीपाला दिसे; आता इमारती दिसतात. तरी मांजरीत शेतीच्या दोन मोठ्या संस्था आहेत: उसासाठी वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र. देशभर अशा केंद्रांच्या, कृषी विद्यापीठांच्या आणि खासगी संस्थांच्या शेतांवर हंगामागून हंगाम औषधे, खते व वाण यांच्या चाचण्या चालतात. त्यांतल्या बऱ्याच चाचण्यांचा खर्च ज्याचा माल, तोच करतो. हे करारावरचे संशोधन. 'पैसे देणाऱ्याच्याच बाजूने निकाल लागणार!' असे चटकन म्हटले जाते. मला हा आक्षेप अर्धाच पटतो.

१९६८ च्या कीटकनाशक कायद्यानुसार नोंदणीशिवाय औषध विकता येत नाही, आणि नोंदणीसाठी ते गुणकारी व सुरक्षित असल्याची माहिती द्यावी लागते. ती गोळा करण्याचा खर्च उत्पादकानेच सोसावा, हे रास्त आहे. इंग्लंडातील रोथॅमस्टेड येथे १८४३ मध्ये गव्हावर खतांचे प्रयोग सुरू करणारे जॉन लॉझ स्वतः खत-कारखानदार होते. सुपरफॉस्फेटचे पेटंट त्यांनी आदल्याच वर्षी घेतले होते. पण त्यांनी शेताचा एक पट्टा बिनखताचा ठेवला. तो आजही तसाच आहे. खताने नेमके किती साधले, हे त्या उपाशी पट्ट्याशी ताडून कोणालाही सांगता येते.

म्हणजे पैसा कोणाचा, याहून चाचणीची मांडणी कशी, हा प्रश्न मोठा. शेत ही काही प्रयोगशाळेतील तराजूसारखी वस्तू नव्हे. पाटाजवळचा वाफा ओला, बांधाजवळचा सावलीत, मधेच कुठे मुरूम वर आलेला. नवे औषध नेमके चांगल्या वाफ्यांना मिळाले तर? म्हणून प्रत्येक उपचार अनेक वाफ्यांना द्यायचा आणि कोणता वाफा कोणाला, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. १९१९ मध्ये रोथॅमस्टेडला आलेल्या रोनाल्ड फिशर यांनी या पद्धतीला गणिताचा पाया दिला. आपल्याकडे वि. गो. पानसे आणि सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पां. वा. सुखात्मे यांनी १९५४ मध्ये शेतीसंशोधकांसाठी संख्याशास्त्राचे पुस्तक लिहिले. शेतकी महाविद्यालयांच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या.

हरितगृहात ऊन-पाणी हाती असते, म्हणून निकाल लवकर मिळतो. पण तेथे वारा नाही, वळीव नाही. उघड्या शेताला पर्याय नाही, आणि तेथेही एक हंगाम पुरत नाही. द्राक्षावरील केवड्याचे उदाहरण घ्या. छाटणीनंतर हवा कोरडी राहिली तर केवडा येतच नाही, आणि फवारलेली व न फवारलेली बाग सारखीच निरोगी दिसते. अशा वर्षी औषधाची परीक्षा झालीच नाही, असे म्हणावे लागते. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळाच्या सुमारास अवेळी पाऊस झाला, तसे वर्ष यावे लागते.

आता आक्षेपाचा उरलेला अर्धा भाग. समजा, औषधाच्या बाजूने दिसलेला फरक निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता विसांत एक असेल, तर तो खरा मानायचा असे ठरवले. मग अगदी निरुपयोगी औषधाची वीस ठिकाणी चाचणी घेतली, तर निदान एका ठिकाणी ते 'गुणकारी' ठरण्याची शक्यता शेकडा ६४ भरते. (०.९५ चा विसावा घात काढून पाहा.) त्या एका ठिकाणचा आलेख रंगीत पत्रकावर छापला आणि उरलेले एकोणीस कपाटात राहिले, तर कोणी खोटे बोललेले नसते, तरीही कर्ज काढून फवारणी करणारा शेतकरी फसतो. करारात निकालाची मालकी पैसे देणाऱ्याकडे असली, म्हणजे हे सहज घडू शकते.

माणसांवरील औषधांच्या चाचण्यांसाठी २००७ मध्ये भारतात सार्वजनिक नोंदवही सुरू झाली आणि २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची आगाऊ नोंद सक्तीची झाली. पिकांवरील चाचण्यांनाही हाच नियम लावावा, असे माझे स्पष्ट मत आहे: पेरणीपूर्वी नोंद, आणि निकाल कोणताही लागो, तो खुला. कंपन्यांची गुपिते उघडी पडतील म्हणावे, तर औषधाची कृती कोण मागतो आहे? मागतो आहोत ते वाफ्यांचे आकडे.

शाळेत हे छोट्या प्रमाणावर करता येईल. मेथीचे बारा सारखे वाफे करावेत. सहांना एखादे द्रवखत पाण्यात मिसळून द्यावे, सहांना नुसते पाणी, वाटणी चिठ्ठ्यांनी. दोन्ही द्रव सारख्याच रंगाच्या बाटल्यांत भरून त्यांवर फक्त क्रमांक टाकावेत. कोणत्या क्रमांकात काय, ती यादी शिक्षकांनी जवळ ठेवावी, आणि बाराही जुड्यांची वजने फळ्यावर लिहून झाल्यावरच बाहेर काढावी.