तिवरं तपकिरी होतात तेव्हा

पावसाळा ओसरू लागला की काही वर्षी ठाणे खाडीकाठची तिवरं एकाएकी तपकिरी पडतात. नवी मुंबईत लगेच विचारणा सुरू होते: कुणी रसायन सोडलं का, भरावासाठी झाडं मारली का? खाडी बुजवून प्लॉट पाडण्याचा इतिहास पाहता हा संशय रास्तच आहे. पण फांदी जवळ ओढून पाहावी. पानाचा हिरवा गर गेलेला, उरलेली फक्त शिरांची जाळी. एखाद्या पानाची कड रेशमी धाग्यानं दुमडलेली, आणि त्या घडीत काळपट अळी. तिचा पतंग बसलेला असला तर वाळकं पान वाटावा. उडाला की मागच्या काळ्या पंखांवरचे नारिंगी पट्टे दिसतात.

हा हिब्लिया प्युएरा, सागाची पानं खाणारा म्हणून वनखात्याच्या जुन्या ओळखीचा. केरळात निलांबूरला १८४०च्या दशकात इंग्रजांनी सागाची लागवड सुरू केली. या अळीच्या धाडीची नोंद त्रावणकोरच्या बूर्डिलननं १८९८ मध्येच केलेली आहे. पुढे केरळ वन संशोधन संस्थेत के. एस. एस. नायर आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं या अळीचा माग काढला. वळवाच्या पहिल्या सरी, सागाला फुटलेली कोवळी पालवी आणि अळीची पहिली लाट या तिन्ही गोष्टी एकमेकींना धरून येतात. सुरुवात मोजक्या छोट्या ठिकाणी होते. महिनाभरात पिढी पुरी होते, पतंग थव्यानं उठतात आणि धाड फैलावते. कोवळ्या सागाची लाकडाची संभाव्य वाढ या अळीपायी ४४ टक्क्यांनी घटते, असं त्यांना आढळलं. लाट ओसरते तीही आपसूकच: विषाणू, परोपजीवी गांधीलमाश्या आणि पक्षी आपापलं काम करतात.

सदाहरित उष्ण जंगलात सगळं स्थिर असतं, तिथं कीटकांची संख्या अशी उसळत नाही, असं शास्त्रज्ञही दीर्घकाळ मानत. चार्ल्स एल्टननं १९५८ च्या आपल्या ग्रंथात तशीच मांडणी केली. पनामातल्या बारो कोलोराडो बेटावर हेंक वोल्डानं दिव्याच्या सापळ्यांत येणारे कीटक मोजले, तेव्हा १९७८ मध्ये दिसलं की तिथली वर्षागणिक चढउतार थंड प्रदेशाइतकीच मोठी आहे. पाऊस हुकला तर उलटंही घडतं. १९९८ च्या एल निन्योच्या दुष्काळात सारवाकमधल्या लांबीर टेकड्यांवर काही उंबरवर्गी झाडांची फळधारणा खंडित झाली आणि त्यांच्यावर जगणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाश्या त्या जंगलातून नाहीशा झाल्या.

हे दूरचं वाटत असेल तर घरचं उदाहरण आहे. एका टोळाला मुंबईचंच नाव आहे. १९०१ ते १९०८ या काळात त्याचे थवे मुंबई इलाख्यात उतरत होते. थंडीत ते सह्याद्रीच्या रानांत राहत आणि पावसाच्या तोंडाशी अंडी घालायला बाहेर पडत. सरकारी कीटकशास्त्रज्ञ मॅक्सवेल-लेफ्रॉय यानं १९०६ मध्ये त्यावर सविस्तर अहवाल लिहिला. १९०८ नंतर तशी धाड पुन्हा आली नाही. आज कुणाला ती आठवतही नाही, आणि लेखी नोंद नसती तर आपण ती घडलीच नाही असं मानलं असतं.

नवी मुंबई वसवण्यासाठी १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. शहराची स्मृती तेवढीच, म्हणजे पन्नास-पंचावन्न वर्षांची. त्यातही खाडीकाठच्या अळीची सलग नोंद फार थोडी. पावसाचे खंड वाढले, परतीचा पाऊस लांबला, तर धाडी वाढतात का, हा प्रश्न आज महत्त्वाचा आहे. पण चार-पाच तपकिरी हंगाम पाहून त्याचं उत्तर देणं घाईचं ठरेल. एक गोष्ट मात्र नजरेआड करू नये. निलांबुरात माणसानं एकाच जातीचं रान उभं केलं. ठाणे खाडीतही गाळ आणि सांडपाणी सोसणारं तिवरच सगळीकडे माजलंय. एकाच जातीचं ताट सलग मांडलं की अळीला थांबायचं कारण उरत नाही.

पानं गेलेलं तिवर मेलेलं नसतं. काही आठवड्यांत नवी पालवी येते. म्हणून अळी दिसताच फवारणीची मागणी करणं चुकीचं आहे. ते विष खाडीच्या चिखलात उतरेल, आणि तिथंच कोळ्यांची मासळी आणि फ्लेमिंगोंचं अन्न आहे. झाडं सुकलीच आहेत या सबबीवर कुणी भराव टाकू पाहत असेल तर त्याला तिथल्या तिथं अडवलं पाहिजे. उच्च न्यायालयानं खारफुटीला २००५ पासून संरक्षण दिलं आहे आणि २०२२ पासून ठाणे खाडी रामसर क्षेत्र आहे.

ऐरोली, वाशी, बेलापूरच्या महाविद्यालयांना आमची विनंती आहे. ठरावीक झाडं निवडून त्यांवर खूण करा. जून ते डिसेंबर दर पंधरवड्याला त्यांची पानं, अळ्या आणि त्या दिवसांचा पाऊस लिहून ठेवा. पाच विद्यार्थी आणि एक वही एवढ्यावर हे काम येत्या पावसाळ्यातच सुरू होऊ शकतं.