आधी मोजा, मग रंगवा

जुनी पोलादी रेसर सायकल हाती लागली की आपले लोक तिला थेट पावडर कोटिंगला नेऊन टाकतात. माझा याला सक्त विरोध. सँडब्लास्टिंग आणि जाड रंगाच्या थरात बॉटम ब्रॅकेटखालचा (पेडलचा आस बसतो त्या नळीखालचा) फ्रेम नंबर बुजतो, मग सायकल कुठली, कधीची यावर बसा तर्क लढवत!

स्टिकरवर तर मुळीच जाऊ नका. ‘रेनॉल्ड्स ५३१’ या नावाजलेल्या पोलादी नळीचं नवंकोरं स्टिकर सहज विकत मिळतं. त्यापेक्षा सीटपोस्ट काढून व्हर्नियर लावा. २७.२ मिलिमीटर भरला तर नळी पातळ, भारीतली असण्याची शक्यता बरीच. मग मागचं चाक काढून ते बसतं त्या फटीचं अंतर मोजा. १२० म्हणजे पाच गिअरचा जमाना, १२६ म्हणजे बहुधा ऐंशीच्या आगेमागे, १३० त्यानंतरचं. अर्थात पोलाद ताणता येतं, आणि आपले मिस्त्री ते बिनदिक्कत ताणतात. बॉटम ब्रॅकेटची नळी ७० मिलिमीटर रुंद निघाली तर माल बहुतेक इटालियन. कॅम्पॅग्नोलो कंपनीच्या जुन्या डिरेलरवर (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेवर) ‘पेटंट ७८’ असं कोरलेलं दिसलं तर तो १९७८च्या सुमाराचा. पण डिरेलर बदललेलाही असू शकतो, फ्रेमचं वय त्यावरून ठरवू नये.

आणि तो फ्रेम नंबर वाचायला रॉकेलचा बोळा आणि जुना टूथब्रश पुरतो.