ताऱ्यांचा जन्मदाखला कुठे मिळतो? पुण्याच्या ‘अलकनंदा’चं वय असं निघालं

२०२५ च्या अखेरीस ‘अलकनंदा’ हे नाव अचानक सगळ्यांच्या फीडवर झळकलं. पुण्याच्या एनसीआरए या संस्थेतल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांमधून शोधलेली ही दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा महाकाय समूह. आपल्याला ती दिसते ती विश्वाचं वय जेमतेम दीड अब्ज वर्षं होतं तेव्हाची. (आकाशगंगेला हिंदीत मंदाकिनी म्हणतात आणि अलकनंदा ही मंदाकिनीची बहीण-नदी, म्हणून हे नाव.)

बातमीत आकडेही होते. ताऱ्यांचं वस्तुमान सूर्याच्या सुमारे १० अब्ज पट. त्यातले निम्मे तारे अवघ्या २० कोटी वर्षांत जन्मलेले.

पण इतक्या लांबून एकही तारा सुटा दिसत नाही. मग त्यांचं वय कळतं कसं?

उत्तर रंगात आहे. मोठे, निळे, तापलेले तारे भराभर जळून काही कोटी वर्षांतच संपतात. सूर्यासारखे तारे अब्जावधी वर्षं टिकतात आणि लहान लाल तारे त्याहूनही जास्त. त्यामुळे निळा प्रकाश भरपूर असेल तर तिथे नुकतेच तारे जन्मलेत. लालसर असेल तर मामला जुना.

शास्त्रज्ञ वेगवेगळ्या वयाच्या आणि घडणीच्या ताऱ्यांचा प्रकाश कॉम्प्युटरवर मिसळून असंख्य नकली दीर्घिका बनवतात आणि खऱ्या दीर्घिकेच्या प्रकाशाशी ताडून पाहतात. सगळ्यात जवळची जुळणी सापडली की वय, वस्तुमान, घडण सगळं त्यावरून काढलं जातं. म्हणजे हे वय थेट मोजलेलं नसतं, जुळवलेलं असतं. ही गोष्ट हेडलाइनमध्ये सहसा येत नाही.

आणि जुळवाजुळवीत फसगत होऊ शकते. तारे म्हातारे असले की प्रकाश लाल होतो. लोहासारखी जड मूलद्रव्यं जास्त असली तरी लाल होतो. मध्ये धूळ असली तरीही लालच! गाय वर्दी या खगोलशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये दाखवलं की ताऱ्यांचं वय तिप्पट केलं काय किंवा जड मूलद्रव्यं दुप्पट केली काय, रंगातला फरक जवळपास सारखाच दिसतो.

२०२३ मध्ये तर मोठीच खळबळ उडाली होती. ‘नेचर’ साप्ताहिकात सहा दीर्घिकांबद्दल शोधनिबंध आला. बिग बँगनंतर ५० ते ७० कोटी वर्षांतच त्या इतक्या जड कशा झाल्या, याचं उत्तर प्रचलित सिद्धांतांकडे नव्हतं. ‘विश्वाचं गणितच चुकलं’ अशा बातम्या चालल्या. नंतर त्यातल्या एका दीर्घिकेचा वर्णपट घेतला, तर ती बरीच जवळची निघाली, बिग बँगनंतर सुमारे एक अब्ज वर्षांनंतरची. शिवाय तिच्या पोटात एक कृष्णविवर भोवतालचा वायू गिळत होतं. त्या झगमगाटातला काही भाग ताऱ्यांच्या खात्यावर जमा झाला होता.

वर्णपट म्हणजे प्रकाश बारीक पसरवून त्यातल्या रेघा वाचणं. हायड्रोजनच्या रेघा वयाबद्दल जास्त बोलतात, लोह-मॅग्नेशियमच्या रेघा घडणीबद्दल. साध्या रंगात एकमेकांत मिसळलेल्या गोष्टी इथे बऱ्याच सुट्या होतात.

अलकनंदाचे आकडे २१ वेगवेगळ्या फिल्टरमधून टिपलेल्या प्रकाशावर आधारलेले आहेत. दोन-चार फिल्टरच्या तुलनेत हे कितीतरी भक्कम. तिचे सर्पिल हातही फोटोत स्पष्ट दिसतात, त्यासाठी मॉडेलची गरज नाही. तिचा आकार आणि ‘२० कोटी वर्षं’ हा आकडा एकाच बातमीत आले, पण दोन्हींचा भरवसा एकसारखा नाही. पुढे तिचा सविस्तर वर्णपट हाती आला की हा आकडा थोडाफार सरकू शकतो.