कोळशाचें सामर्थ्य आणि त्याची मर्यादा

पाण्याचें मोल आम्हां मराठवाड्यांतील लोकांस निराळें सांगावयास नको. २०१६ सालच्या एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें लातुरास पाणी आणावें लागलें. पहिल्या खेपेस पन्नास पन्नास हजार लिटरांच्या दहा वाघिणी आल्या. अशा मुलखांत मिळेल तें पाणी शुद्ध करून घेण्यावांचून गत्यंतर नसतें. म्हणूनच घरोघरीं जलशोधक यंत्रें आलीं आहेत. त्यांतील पुष्कळांच्या पोटांत कोळसा असतो. तो काय करतो व काय करीत नाहीं, हें घरांतील लहानथोरांनीं जाणून घेतलें पाहिजे.

हा कोळसा चुलींतला नव्हे. नारळाची करवंटी, लांकूड, किंवा नांदेडकडील शेतांत कापूस वेंचल्यावर उरणारी पऱ्हाटी, यांचें अंग मुख्यत्वें सेल्युलोज व लिग्निन यांचें असतें. लहान लहान घटक माळेंतील मण्यांप्रमाणें किंवा जाळ्याप्रमाणें गुंफले जाऊन हे पदार्थ बनतात. शास्त्रांत त्यांस बहुवारिक म्हणतात. हवा न लागूं देतां ते तापविले म्हणजे पाणी, वायु व डांबर निघून जातें आणि कार्बनाचा सांगाडा उरतो. पुढें ८०० ते १००० अंश उष्णतेंत त्यावर वाफ सोडली कीं ती कार्बनाचा कांहीं अंश खाऊन टाकते व असंख्य सूक्ष्म छिद्रें मोकळीं होतात. त्या छिद्रांच्या भिंती पसरून मोजल्या, तर एका ग्रॅम कोळशांत सुमारें १००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे क्षेत्र भरतें!

या भिंतींस रंग, दुर्गंध व कित्येक सेंद्रिय द्रव्यें चिकटून राहतात. कोळशाचा हा रंग हरण करण्याचा गुण टोबियास लोवित्झ यानें १७८५ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें प्रथम ध्यानांत आणला.

परंतु गुणाबरोबर मर्यादाही आहे. किनवट तालुक्यांतील कित्येक विहिरींच्या पाण्यांत फ्लोराइड अधिक असतें. त्यानें दांतांवर डाग पडतात व पुढें हाडें विकृत होतात. हें द्रव्य साध्या कोळशास धरवत नाहीं. त्यासाठीं तुरटी व चुना यांची नालगोंडा पद्धति नागपूरच्या नीरी संस्थेनें सिद्ध केली आहे. कोळसा जंतूंसही मारीत नाहीं; उलट पाण्यांतील क्लोरीन तो काढून घेतो, म्हणून असें पाणी फार काळ सांठवून ठेवणें बरें नव्हे. शिवाय छिद्रें भरलीं कीं त्याचें काम संपलें. मात्र पाहणाऱ्यास तें दिसत नाहीं.

सुश्रुतसंहितेंत निर्मळीच्या बीसारखीं गढूळ पाणी निवळविण्याचीं सात साधनें सांगितलीं आहेत, आणि दूषित पाणी तापविण्याचा उपायही वेगळा सांगितला आहे. निवळ पाणी आणि निर्दोष पाणी हा भेद आमच्या पूर्वजांस ठाऊक होता. यास्तव विहिरीचें पाणी एकवार तपासून घ्यावें, कोळसा मुदतींत बदलावा, आणि शंका असेल तेव्हां पाणी उकळून प्यावें. मात्र उकळल्यानें जंतु मरतात, फ्लोराइड जात नाहीं, हें विसरूं नये.